वरच्या मजल्याचा उकाडा: आधी गच्ची, मग खिडकी, यंत्रे शेवटी

मिरजेच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घर दुमजली असून तळमजला भाड्याने दिलेला आहे, आणि ते स्वतः वयस्कर आईसह वरच्या दोन खोल्यांत राहतात. खोल्या १० बाय १२ फुटांच्या आहेत, डोक्यावर उघडी गच्ची आहे आणि आईच्या खोलीला पश्चिमेकडे मोठी खिडकी आहे. एप्रिल लागला की रात्री अकरा-बारा वाजेपर्यंत पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. एसी घेतला तर विजेचे बिल झेपणार नाही. हाताशी १५,००० रुपये आहेत, तर त्यात काय करता येईल?

मी गेली तीस वर्षे सांगली-मिरज भागात घरबांधणीची कामे करतो आहे. आपल्यासारख्या कितीतरी घरांचे स्लॅब मीच टाकलेले असल्यामुळे या उकाड्यात माझाही थोडा वाटा आहे, हे आधी कबूल करतो. आपले पैसे कोठे जावेत हे ठरवण्याआधी आपण आज रात्री एक लहानशी पाहणी करावी. दहाच्या सुमारास पंखा बंद करून स्टुलावर उभे राहा आणि तळहात छताला टेकवा. मग तोच हात पश्चिमेच्या भिंतीला आणि त्यानंतर दोन खोल्यांमधल्या भिंतीला लावा. छत बहुतेक तापलेल्या तव्याच्या कडेसारखे लागेल, पश्चिमेची भिंत त्याहून कमी पण स्पष्ट कोमट लागेल, आणि मधली भिंत सहन होण्याइतकी असेल. आपला पंखा गरम हवा ‘तयार’ करत नाही, तर छताखाली साचलेली गरम हवा खाली ओढतो. म्हणून पंखा बदलण्याआधी छताकडे वळले पाहिजे.

कोरड्या, निरभ्र दुपारी माथ्यावरचे ऊन गच्चीच्या प्रत्येक चौरस मीटरवर जवळजवळ १,००० वॅट उष्णता ओतते. १० बाय १२ची खोली म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर, म्हणजेच त्या एका खोलीच्या डोक्यावर ११ किलोवॅट. पाणी तापवायचे २ किलोवॅटचे पाच-साडेपाच हीटर एकाच वेळी चालू ठेवल्यासारखे. जुन्या, काळवंडलेल्या काँक्रीटची गच्ची यांतली साधारण दोन-तृतीयांश उष्णता शोषून घेते. शोषलेले सगळेच खाली उतरते असे नाही, वारा आणि मोकळे आकाश त्यातला बराच भाग परत घेतात. पण जे उरते ते पाच इंच काँक्रीटमधून हळूहळू झिरपत खालच्या बाजूला पोचायला काही तास लागतात. दुपारी एकचे ऊन आपल्याला संध्याकाळी सहाला जाणवते आणि स्लॅबच्या पोटात साठलेला ऐवज संपेपर्यंत रात्रीचे अकरा वाजतात, ते याच कारणाने.

आता सूर्याची वाट पाहू, कारण पैसे कोठे वाया जातात ते तिच्यावरून कळते. आपल्याकडे मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो, सांगली-मिरजेत आधी आणि साताऱ्यात तीन-चार दिवसांनी, आणि त्या दिवशी आपली सावली पायाखाली नाहीशी होते. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत दक्षिणेच्या भिंतीवर ऊन फारसे पडतच नाही. सर्वाधिक ऊन गच्चीवर, त्याखालोखाल पश्चिमेच्या आणि पूर्वेच्या भिंतीवर पडते. तरीही दक्षिणेच्या खिडकीला महागडे पडदे आणि पश्चिमेला नुसती दीड फुटाची छज्जी, अशी घरे मी रोज पाहतो. पश्चिमेचे ऊन तिरपे, छज्जीच्या खालून आत शिरते. त्याला आडवी छज्जी अडवू शकत नाही, उभा आडोसाच लागतो.

म्हणून पहिला खर्च गच्चीला चुन्याची सफेदी देण्याचा. नवीन चुन्याची पांढरी गच्ची जवळजवळ तीन-चतुर्थांश ऊन परत पाठवते, आणि स्लॅब तापतच नसेल तर रात्री त्याने उष्णता सोडण्याचा प्रश्नच कमी होतो. हा काही माझा शोध नव्हे. अहमदाबाद महापालिकेने उष्णतेच्या लाटेसाठी २०१३ मध्ये आराखडा केला आणि पुढे वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याची मोहीमही हाती घेतली; तेलंगणाने तर २०२३ मध्ये थंड छपरांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. आपल्या गच्चीसाठी सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही.

काम करण्याची पद्धत मात्र नीट सांगतो, कारण निम्म्या सफेद्या पद्धत चुकल्यामुळे वाया जातात. गच्ची आधी तारेच्या ब्रशने घासून शेवाळ आणि माती काढावी, भेगा असतील तर त्या बुजवून घ्याव्यात आणि संपूर्ण पृष्ठभाग धुऊन ओलसर ठेवावा. साधारण १,००० चौरस फुटांच्या गच्चीला दोन-तीन हात देण्यासाठी २५ ते ३० किलो चुना पुरतो. चुनकळी, म्हणजे न विरवलेला चुना, स्वस्त आणि उत्तम, पण ती पाण्यात विरवताना पाणी उकळ्या मारते आणि शिंतोडे डोळ्यांत गेल्यास इजा होते. त्यामुळे ती लोखंडी पिंपात, अंतर ठेवून, मुलांना दूर करून विरवावी आणि रात्रभर मुरू द्यावी. हा उपद्व्याप नको असेल तर गोणीतला तयार पुडीचा चुना घ्यावा. मिश्रण दुधाइतके पातळ करून गाळून घ्यावे आणि त्यात सुतार वापरतात तो पांढरा डिंक, म्हणजे फेविकॉलसारखा पदार्थ, पाण्यात पातळ करून दीड-दोन किलो मिसळावा. नीळ घालण्याची सवय आपल्याकडे आहे, पण गच्चीला तिची गरज नाही. पहिला हात संध्याकाळी ऊन उतरल्यावर कुंच्याने एका दिशेने आणि दुसरा हात दुसऱ्या दिवशी आडव्या दिशेने द्यावा. जाड थर देण्याचा मोह टाळावा. जाड थराचे पोपडे सुटतात, पातळ हात मात्र धरून राहतात. पुढचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ हलकेसे पाणी शिंपडले की चुना घट्ट बसतो.

मिरजेतल्या माझ्या स्वतःच्या घरी मी पहिल्या वर्षी मुद्दाम अर्धीच गच्ची रंगवली होती. दुपारी तीन वाजता राखाडी भागावर अनवाणी पाऊल टेकवत नव्हते, आणि दोन पावलांवरच्या पांढऱ्या भागावर मी उभा राहून फोनवर बोलू शकत होतो. त्या प्रयोगाचा खरा निकाल मात्र घरातूनच आला: पांढऱ्या बाजूला घातलेल्या कुरडया वाळायला एक दिवस जास्त लागतो, अशी सौभाग्यवतींची तक्रार झाली. खालून मिळणारी धग गेली याचा याहून चांगला पुरावा मला कोणत्याही यंत्राने दिला नसता. तेव्हापासून वाळवणापुरता एक कोपरा आम्ही राखाडीच ठेवतो.

दुसरा अनुभव फसवणुकीचा आहे. ओळखीच्या एका घरी रंगाऱ्याने चुन्याऐवजी स्वस्त खडूची भुकटी डिंकाशिवाय लावली. पहिल्याच वळवात ती सगळी वाहून गेली आणि गच्चीचे पन्हाळ तुंबून पाणी जिन्यात उतरले. त्यामुळे साहित्य स्वतः आणावे आणि डिंक डोळ्यांदेखत मिसळून घ्यावा. गच्चीचे पाणी आपण जमिनीतल्या टाकीत साठवत असाल, तर पावसाळ्याच्या सुरुवातीचे पाणी त्या टाकीत जाऊ देऊ नये. चुना पावसाळ्यात बराचसा निघून जातो, म्हणजे हे काम दरवर्षी शिमगा आटोपला की करायचे आहे. ते ज्यांना जाचक वाटते त्यांनी गच्चीसाठीचा उष्णतारोधक पांढरा रंग घ्यावा. तो चुन्याच्या कित्येक पट महाग पडतो, पण काही वर्षे टिकतो. पहिल्या वर्षी चुनाच लावा, फरक स्वतः अनुभवा आणि मग ठरवा, असे माझे मत आहे.

गच्चीवर सावली करणे हा सफेदीहूनही प्रभावी उपाय, कारण सावलीत ऊन काँक्रीटपर्यंत पोचतच नाही. आपल्या जिल्ह्यात त्याचे साहित्य शेजारीच मिळते. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज पूर्वभाग येथील बेदाणा शेड आपण पाहिलेच असेल: वर आच्छादन, चारी बाजूंनी शेडनेट, आत मजल्यावर मजले जाळ्या आणि मधून आरपार वारा. द्राक्षे उन्हात न करपता सावलीत, वाऱ्यावर सुकावीत यासाठी जी रचना आपल्या शेतकऱ्यांनी बसवली, तीच घराला लागू पडते. उपटलेल्या द्राक्षबागांचे जुने अँगल आणि तारा भंगाराच्या दराने मिळाल्या, तर गच्चीवर सहा-सात फूट उंचीचा मांडव घालून त्यावर ७५ टक्के ऊन अडवणारे शेडनेट ताणता येते. नेट स्लॅबवर पसरून टाकू नये, कारण मग ते स्वतः तापून खाली उष्णता देते. त्याच्याखालून वारा वाहिलाच पाहिजे. आणि वळवाचा वारा नेटला शिडासारखा धरतो हे लक्षात ठेवून अँगल कठड्याला पक्के बांधावेत, नेटची एक बाजू मात्र चटकन सोडता येईल अशी ठेवावी. पत्र्याचे कायमचे शेड करणार असाल तर बाजू मोकळ्या ठेवाव्यात आणि आधी महापालिकेत परवानगीची चौकशी करावी. चारी बाजूंनी बंद केलेले पत्र्याचे शेड म्हणजे डोक्यावर ठेवलेली भट्टीच.

काही उपाय लोक मला हमखास विचारतात, त्यांचे भराभर सांगून टाकतो. उसाचे पाचट पत्र्यावर पसरणे गोठ्यासाठी ठीक आहे, तेथे त्याचा उपयोगही होतो. पण मे महिन्यातले वाळलेले पाचट एका ठिणगीने पेट घेते, म्हणून राहत्या घरावर, विशेषतः विजेच्या तारांजवळ, ते नको. गच्चीत एक फूट माती टाकून बाग करण्याचा विचार असेल तर आधी वजनाचा हिशेब पाहा: माणसांच्या वापराच्या गच्चीसाठी स्लॅबचे गणित साधारणपणे चौरस मीटरला १५० किलो भार धरून केलेले असते, आणि एक फूट ओली माती त्याच जागेवर ५०० किलोच्या आसपास भरते. कुंड्या ठेवायच्या तर त्या कठड्यालगत, तुळई आणि भिंतींच्या वर ठेवाव्यात. खोलीत पीओपीचे छत केल्याने वरच्या पोकळीमुळे थोडा फरक पडतो, पण स्लॅब तापायचा तो तापतोच आणि खर्च मात्र आपल्या सगळ्या रकमेहून जास्त होतो. थर्माकोलचा थर द्यायचा असेल तर तो स्लॅबच्या खाली नव्हे, वर, कोब्याच्या (स्लॅबवरच्या पाणीरोधक थराच्या) आत द्यावा. ते काम पुढे कधी गच्चीचे वॉटरप्रूफिंग नव्याने कराल तेव्हा एकदमच उरका.

गच्चीवर पाणी मारण्याविषयी जरा थांबून बोलले पाहिजे. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेएवढी उष्णता सोबत नेते, हे खरे. म्हणजे शंभर लिटर पाणी खरोखर वाफ होऊन गेले तर स्लॅबमधली पुष्कळ उष्णता जाते. परंतु आपण बादल्या ओततो तेव्हा निम्म्याहून जास्त पाणी पन्हाळातून वाहून जाते, आणि वाहून गेलेले पाणी फार कमी काम करते. ऊन उतरल्यावर, पाचच्या पुढे, झारीने किंवा फवाऱ्याने पातळ शिडकावा करावा, तो सुकला की पुन्हा करावा. ओली गोणपाटे दिवसभर पसरून ठेवल्याने गारवा येतो, पण गच्चीला बारीक भेगा असतील तर ओल छतात उतरते आणि महिन्याभरात रंगाचे पापुद्रे पडतात. कृष्णाकाठी आपल्याला हा उपाय सुचतो तरी. जत-आटपाडीकडच्या माणसाला, ज्याच्या दारात मे महिन्यात टँकर येतो, तो मी कधीच सांगणार नाही.

जुन्या माणसांना येथे धाब्याच्या घराची आठवण होते. पांढऱ्या मातीच्या दोन-दोन फुटी भिंती आणि वर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर, म्हणून दुपारी ती घरे गार असत, यात शंका नाही. पण त्याच घरातली माणसे उन्हाळ्यात रात्री अंगणात नाहीतर माळवदावर झोपत, हे सांगायचे राहून जाते. जाड भिंत दिवसा जी उष्णता अडवते ती रात्री परत करते. आपण आता दारे लावून आत झोपतो, म्हणून रात्रीच्या हवेची सोय आपल्याला वेगळी करावी लागते.

ती सोय करण्याआधी पश्चिमेची खिडकी. आतला पडदा उजेड अडवतो, ऊन नाही. काचेतून आत शिरलेली उष्णता पडद्यावर आदळून खोलीतच राहते. आडोसा काचेच्या बाहेर हवा. बांबूची चिक किंवा शेडनेटचा दुहेरी पडदा खिडकीपासून पाच-सहा इंच लांब, वरच्या छज्जीला टांगून, खालून दोरीने बांधावा, म्हणजे मधून वारा वर निसटतो. दुपारी दोनला सोडायचा आणि सूर्य मावळला की गुंडाळायचा. खाली मोकळी जमीन असेल तर पुढच्या वर्षासाठी माघातच घोसाळी किंवा दोडक्याचा वेल लावून तो तारेवर भिंतीच्या बाहेर वाढवा. एप्रिलपर्यंत हिरवी भिंत तयार होते आणि भाजीही मिळते.

आता हवेचे वेळापत्रक. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे दुपार ३८-३९ अंशांवर जाते, पण पहाटे पारा २०-२२पर्यंत उतरतो. हा फरक फुकटचा आहे आणि बहुतेक घरे तो वाया घालवतात, कारण डासांच्या भीतीने रात्री खिडक्या बंद आणि ‘हवा यावी’ म्हणून दुपारी सताड उघड्या असतात. नेमके उलट करावे. सकाळी नऊच्या आत खिडक्या लावून घ्याव्यात, बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की, म्हणजे संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमारास, सगळ्या उघडाव्यात. आपल्याकडे संध्याकाळी वारा बहुधा पश्चिमेकडून सुटतो, त्यामुळे आईच्या खोलीची खिडकी ही दुपारची शत्रू असली तरी रात्रीची मित्र आहे. तिला डासांची जाळी बसवून घ्या. जिना गच्चीवर जातो तेथील दाराला जाळीचे दुसरे दार लावले तर तेच घराचे धुराडे होते: गरम हवा वर चढून तेथून बाहेर पडते आणि खिडकीतून गार हवा आत ओढली जाते. वारा पडलेल्या रात्री दुसऱ्या खोलीच्या खिडकीत एक एक्झॉस्ट पंखा बाहेर तोंड करून लावावा.

छताच्या पंख्याने खोलीची हवा थंड होत नाही, फक्त अंगावरचा घाम लवकर सुकतो. म्हणून रिकाम्या खोलीत तो चालू ठेवणे व्यर्थ आहे. जुना पंखा सुमारे ७५ वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा, २८ ते ३२. दिवसाला १४ तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला जवळपास १९ युनिट वाचतात, आणि १०० युनिटांच्या पुढे महावितरणचा दर चढतो हे पाहता ही बचत कागदावरच्या आकड्यापेक्षा जास्त भरते. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना ताऱ्यांचे लेबल सक्तीचे आहे, ते पाहूनच घ्यावा.

कूलरविषयी दुकानदार सांगत नाहीत अशी गोष्ट म्हणजे, तो बंद खोलीचे यंत्र नाही. खिडकीत बसवून बाहेरची कोरडी हवा घेतली आणि समोरची खिडकी किंवा दार वीतभर उघडे ठेवले, तर ३८ अंशांची हवा २७-२८ अंशांवर आत येते. जी कोरडी हवा आपल्या बेदाण्याला लागते तीच कूलरलाही लागते. बंद खोलीत तोच कूलर तासाभरात दमट कोंडवाडा करतो. मे महिन्यात वळीव पडून गेला की त्याचा जोर ओसरतो, मग पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालवावा. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून कोरडी करावी, नाहीतर डेंग्यूचे डास घरातच पाळल्यासारखे होईल.

आपल्या १५,००० रुपयांची माझी मांडणी अशी: चुना, डिंक आणि दोन दिवसांची मजुरी मिळून चार हजारांच्या आत, खिडकीचा बाहेरचा पडदा आणि दोन जाळ्या यांना सुमारे तीन हजार, आईच्या खोलीत एक बीएलडीसी पंखा आणि दुसऱ्या खोलीत एक्झॉस्ट यांना साडेचार-पाच हजार. उरलेल्या तीन हजारांचा कूलर लगेच घेऊ नका. पंधरा दिवस वाट पाहा, पुन्हा स्टुलावर चढून छताला हात लावा, आणि तरीही गरज वाटली तर एखादा वापरलेला, पण मोटर चांगली असलेला लोखंडी कूलर पाहा. एसीचा विचार त्यानंतर. तापत्या स्लॅबखाली बसवलेल्या एसीचा कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि रात्रीत आठ-दहा युनिट सहज जातात. तोच एसी पांढऱ्या गच्चीखाली बराच वेळ विश्रांती घेतो.

आईंच्या बाबतीत मात्र खर्चाचा हिशेब बाजूला ठेवावा. वाढत्या वयात तहान कमी लागते आणि घामही कमी येतो, त्यामुळे ‘मला काही होत नाही’ या शब्दावर विसंबू नये. खोलीत एक साधा तापमापक टांगा. तो ३७-३८च्या वर गेला की नुसत्या पंख्याचा झोत गरम वाऱ्यासारखाच लागतो. अशा वेळी अंग ओल्या फडक्याने पुसून मगच पंख्याखाली बसवावे, आणि दुपारचे एक ते पाच हे तास भाडेकरूंना विनंती करून तळमजल्यावरच काढता आले तर सर्वांत उत्तम, कारण आपल्या घरातली सर्वांत गार जागा तीच आहे. बोलण्यात गोंधळ, अंग तापलेले आणि कोरडे, किंवा ग्लानी दिसली तर पाणी पाजत बसू नये. अंगावर पाणी शिंपडत, वारा घालत १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

गच्चीवरची काळी टाकीही या सफेदीच्या वेळीच झाकून घ्या, जुन्या गोणपाटाने किंवा उरलेल्या शेडनेटने. दुपारी चारला नळाला येणारे कढत पाणी त्यामुळे पुष्कळ निवते, आणि संध्याकाळच्या आंघोळीने अंग गार होते. काम या आठवड्यातच सुरू करा. चुना मुरायला रात्र, दोन हातांना दोन संध्याकाळी आणि पाणी मारायला दोन दिवस लागतात, आणि त्याआधी वळीव आला तर पहिला हात पुन्हा द्यावा लागेल.